शेवटचा माणूस येईपर्यंत

माळ्यावरचा कुलर खाली उतरला, त्यात नवा वाळा भरला आणि घरभर तो ओला मातकट वास सुटला की समजायचं, जयंती आली. घाटंजीत त्यासाठी कॅलेंडर बघावं लागत नाही. कडुनिंबाचा मोहोर अंगणभर सांडलेला असतो. झाडायला गेलं की उडतो आणि पुन्हा तिथंच येऊन बसतो. मोहफुलांच्या टोपल्या घेऊन बाया सकाळीच बाजाराकडे जातात, त्यांच्यामागं रस्त्यावर गोड, जरासा आंबूस वास रेंगाळतो. दुपारी कुत्रीसुद्धा नालीत जाऊन पडतात. आणि आमच्या वस्तीत घरोघर पांढरे कपडे निघतात. निळीच्या पाण्यात साड्या, सदरे, पायजमे बुडतात आणि दोऱ्यांवर चढतात. आईची बोटं त्या दिवसांत निळसर असतात, भाकरी थापतानाही. आमच्याकडे नुसतं जयंती म्हटलं की कोणाची हे कोणी विचारत नाही. विचारलंच तर समजावं, हा परगावचा.

यंदा कुलर उतरवताना प्रशांतनं, माझ्या धाकट्या भावानं, मला स्टुलालाही हात लावू दिला नाही. 'ताई, तू दूर राय,' म्हणाला. मी दूर राहिले. दूर राहायचं काम मला आता झकास जमतं. खुर्चीत बसून मी त्याला वाळा कसा भरायचा ते सांगत होते आणि तो न ऐकता भरत होता. स्वयंपाकघरात आई बादलीत नीळ कालवत होती. तो खळखळ आवाज कानावर आला आणि मला एकदम ती वर्षं आठवली, विशेषतः ते एक वर्ष. एप्रिल मला पूर्वी फार आवडायचा. आता तो आला की मी चिडकी होते, घरातली माणसं मला सांभाळून बोलतात, आणि त्या सांभाळून बोलण्यानं माझं डोकं आणखी फिरतं.

मी शिक्षिका आहे, तालुक्यातल्या एका खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारून थकलेले लोक आता माझ्या आजाराविषयी विचारतात, तेवढाच बदल. मला कंपवात आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी पार्किन्सन म्हटलं, आमच्या गल्लीनं लकवा म्हटलं, आणि शाळेच्या गावातली एकजण, मॅडमच्या अंगात येतं असं ठरवून, माझ्यावरून लिंबू उतरवायला निघाली. तिला मी असं झापलं की ती अजून रस्ता बदलून जाते. लोकांना वाटतं, हा आजार म्हणजे हात थरथरणं. हाताचं काय घेऊन बसलात. चहा सांडतो, पुसता येतो. माझं खरं भांडण पायांशी आहे. चालता चालता पाय जमिनीला चिकटतात. दुखत नाहीत, लुळे पडत नाहीत, नुसते ऐकत नाहीत. वरचं धड निघालेलं असतं आणि पाय तिथंच. दाराच्या चौकटीत असं होतं, वळताना होतं, माणसांच्या गर्दीत तर हमखास होतं. कोणी दया येऊन हात धरून ओढलं की ते आणखी घट्ट बसतात. जन्मभर पोरांना 'सावधान' म्हणून ओरडले, आता मला कोणी न सांगताच सावधान होतं.

आणि मोकळ्या रस्त्यावर, अंगात गोळीचा अंमल असला, की मी पळू शकते. चालण्यापेक्षा मला पळणं सोपं जातं. डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांना काही नवल वाटलं नाही. असं असतं म्हणाले. आमच्या वस्तीला मात्र ते आजवर पटलेलं नाही. जिला उंबरा ओलांडता येत नाही ती बाई सडकेवर धावते म्हणजे नाटकं करते, एवढा सरळ हिशेब. पटलं ते फक्त प्रशांतला. त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे, रिवायंडिंगचं, आणि जगातल्या सगळ्या गोष्टी त्याला मोटारीवरून समजतात. माझा आजार कळल्यावर महिनाभर तो माझ्याशी धड बोलू शकला नव्हता. मग एक दिवस दुकानात मी अडकून उभी असताना म्हणाला, 'ताई, तुही मोटर चांगली हाये, स्टार्टर गेलं.' मला इतकं हसू आलं की पाय सुटला. त्यानंच मग शोधून काढलं की जमिनीवर आडवी रेघ ओढली तर माझा पाय ती ओलांडायला उचलतो. डॉक्टरांनाही ते ठाऊक होतं, पण त्यांनी सांगायच्या आधी प्रशांतनं दुकानाच्या फरशीवर खडूनं करून दाखवलं होतं. आता आमच्या घरात दारादारांत, मोरीपाशी, ओट्यापाशी पांढऱ्या रंगाच्या रेघा आहेत. नवीन माणूस आला की त्याला वाटतं, घरात कबड्डी चालते.

दौड बाबांनी सुरू केली. ते जिनिंगमध्ये कामाला होते. घरी आले की भुवयांवर कापूस असायचा. जयंतीच्या सकाळी फाट्यापासून विहारापर्यंत वस्तीतल्या सगळ्यांनी पांढऱ्या कपड्यांत धावत यायचं, अशी त्यांची कल्पना. पहिल्याच वर्षी घोटाळा झाला. पोरं धावून आली, त्रिसरण-पंचशील झालं, लोक मसालेभाताच्या रांगेत लागले, आणि तेव्हा एक म्हातारबुवा तुटकी चप्पल हातात घेऊन विहाराच्या दारात पोचले. ते शेवटपर्यंत धावले होते. त्यांच्याकडे कोणी बघितलंही नाही. बाबांना ते फार लागलं. दुसऱ्या वर्षापासून त्यांनी नियम केला: शेवटचा माणूस येईपर्यंत दौड चालू आहे, आणि दौड चालू असताना वंदना सुरू करायची नाही. शेवटचा आला की त्याचं नाव माइकवरून पुकारायचं, सगळ्या मांडवानं उभं राहून टाळ्या वाजवायच्या, आणि मगच हात जोडायचे. तोवर सरबताच्या पिंपाचं झाकणसुद्धा निघायचं नाही. किती तरी जण त्या झाकणाकडे बघत उभे राहिलेले मला आठवतात. कडेवर लेकरू घेऊन आलेली एक सून, पोट सावरत आलेले किराणा दुकानदार, एकदा तर चक्क बकरी हाकत आलेला एकजण. शेवटचं येणं आमच्याकडे जवळजवळ मानाचं झालं होतं. पोरं मुद्दाम मागं राहायला लागली तेव्हा बाबांनी त्यांनाही फैलावर घेतलं.

मी त्या दौडीत पोरींमध्ये नेहमी पहिली यायची. शाळेत असताना, डी.एड. करताना, नोकरी लागल्यावरही. कप आहेत कपाटात, चकाकी गेलेले. त्या धावण्याचं मला एवढंच आठवतं की रस्ता काळा आणि गार असायचा, शेतांत पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचे, ढीग पडलेले, आणि माझ्या श्वासाशिवाय कशाचाही आवाज नसायचा. पायांची आठवणच नाही. पाय आहेत हे तेव्हा माहीतच नव्हतं. आता दिवसभर मला पायांशिवाय दुसरं काही सुचत नाही.

बाबा गेले. आजार वाढला. गोळ्यांच्या वेळा जवळजवळ येत गेल्या. मघाशी म्हटलं त्या एका वर्षीच्या फेब्रुवारीत डॉक्टर म्हणाले, पळता येतंय तोवर पळून घ्या. सरळ बोलणारा माणूस. मला आवडला आणि घरी येऊन मी रडले. त्याच आठवड्यात ठरवलं, यंदा दौडीत उतरायचं. पुढल्या साली जमेल याचा भरवसा नव्हता. पहिलं यायचे दिवस गेले होते, ते मला कळत होतं. मला शेवटचं यायचं होतं. बाबांच्या त्या माइकवरून माझं नाव शेवटची म्हणून घेतलं जावं, मांडव उभा राहावा, आणि माझ्यासाठी थांबलेली वंदना मग सुरू व्हावी. म्हणजे मी अजून दौडीत आहे हे सगळ्यांना दिसलं असतं. मलाही दिसलं असतं. एवढीच हाव होती, आणि ती फार मोठी आहे असं मला आजही वाटत नाही.

आईनं माझा पांढरा कुडता निळीत घातला, हाच तिचा होकार. प्रशांत त्या वर्षी उत्सव समितीचा अध्यक्ष होता. आधी तो नाही म्हणाला, मग चिडला, मग दोन दिवस घरी जेवायला आला नाही. शेवटी येऊन माझ्यासमोर बसला. 'धाव,' म्हणाला. 'पन मंग पूरी धाव. तू येत नाही तोवर मी माइक कोनाच्या हाती देत नाही.' हे त्याचं वाक्य मी इतक्या वेळा मनात घोळवलं आहे की आता त्याचा आवाजच त्यातून पुसला गेला आहे, नुसते शब्द राहिलेत.

सडकेची मला भीती नव्हती. भीती होती ती बाजारातून विहाराकडे जाणाऱ्या गल्लीची. दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीनं मागं व्हावं, एवढीच ती रुंद, आणि जयंतीला दोन्ही बाजूंनी ओट्यांवर माणसंच माणसं. म्हणून आदल्या संध्याकाळी प्रशांत शाळेतून मैदान आखायच्या फक्कीचा, त्या पांढऱ्या भुकटीचा, डबा घेऊन आला. गल्लीच्या तोंडापासून विहाराच्या कमानीपर्यंत त्यानं आडव्या पांढऱ्या रेघा मारल्या, माझ्या पावलाच्या मापानं. तो वाकून रेघ मारायचा आणि मी मागून ती ओलांडायची. एवढा मोठा अध्यक्ष, विजारीला फक्की लागलेली, कंबर धरून उठतोय. ओट्यावरची पोरं विचारत होती, 'काका, लंगडीचं ग्राउंड हाये का?' त्या संध्याकाळी गल्लीत तळणाचा वास होता, निळ्या पताका नुकत्या लागल्या होत्या, आणि मी एकदाही न अडकता कमानीपर्यंत गेले. कमानीखाली उभं राहून प्रशांत बाबांसारखा हसला. माझ्या आजारानंतरची ती एकच संध्याकाळ अशी, जिच्याविषयी माझी काही तक्रार नाही.

सकाळी आम्हाला टेम्पोनं फाट्यावर नेऊन सोडलं. चारी बाजूंनी पांढरे कपडे, वर निळे झेंडे, आणि पुढं पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं हातपाय ताणत होती. वारा अजून गार होता. सांगितलेल्या वेळेचा अंदाज धरून मी घरून गोळी घेऊन निघाले होते. माझी गोळी चढायला वेळ घेते आणि मग काही काळच साथ देते. त्या काळात मी जवळजवळ पूर्वीची असते. दौडीला झेंडा दाखवायला पाहुणे यायचे होते. ते निघाले, असा निरोप आला. मग ते नाक्यावर आले. मग कोणाकडे तरी चहाला थांबले. भरतीची पोरं ताणून ताणून थकली आणि खाली बसली. सूर्य पऱ्हाटीच्या ढिगांवर आला. मला अंगातून गोळी उतरताना कळते, टाकीतलं पाणी उतरावं तशी. माझी खरी चूक ही. जन्म घाटंजीत काढला, किती कार्यक्रमांत पोरांना उन्हात बसवून ठेवलं, आणि तरी मी धरून चालले की पाहुणे वेळेवर येतील. दुसरी गोळी ओढणीच्या टोकाला गाठ मारून आणली होती, पण तिची वेळ झालेली नव्हती, आणि वेळेआधी घेतली की माझं सगळं अंग वळवळायला लागतं. तसं अंग घेऊन बाबांच्या दौडीत मला उतरायचं नव्हतं.

पाहुणे आले, बोलले, बरंच बोलले, आणि झेंडा हलला. सुरुवातीच्या रेटारेटीत मी मुद्दाम बाजूला उभी राहिले. सगळे निघून गेल्यावर समोर मोकळी सडक दिसली आणि पाय निघाले. निघाले म्हणजे काय, धावले. ते मला कोणाला नीट सांगता येत नाही. उजवा हात पोटाशी चिकटलेला, खांदा वर चढलेला, बघणाऱ्याला मी वेडीवाकडीच दिसत असणार, पण आतून मी धावत होते. नांगरून पडलेली काळी शेतं मागं जात होती. बांधावर एक पळस, फुलं झडून गेलेला. माझा श्वास मला ऐकू येत होता. पुढची पांढरी माणसं लहान होत होत वळणाआड गेली आणि मी शेवटची उरले, अगदी ठरवल्यासारखी. मागून समितीचा टेम्पो हळूहळू येत होता. चालवणारा पोरगा चांगला, माझाच जुना विद्यार्थी. पुलापाशी त्यानं टेम्पो बाजूला घेतला आणि म्हणाला, 'मॅडम, बसून जा ना. कोन पाह्यते?' मी मान हलवली. बोलायला दम नव्हता, नाहीतर सांगितलं असतं, मीच बघते. पुढं गावात शिरताना तो मला ओलांडून निघून गेला. गल्लीत टेम्पो जात नाही, त्याला मागच्या रस्त्यानं विहाराकडे पोचायचं होतं. रिकामा टेम्पो गेला, पण मागं ताडपत्री लावलेली होती. आत कोण आहे, कोण नाही, हे बाहेरून कोणाला दिसलं नसणार.

बाजारात पोचेपर्यंत डावा पाय घासायला लागला होता. तरी मी पळत होते, कारण डोळ्यांसमोर प्रशांतच्या पांढऱ्या रेघा होत्या. गल्लीच्या तोंडाशी आले आणि बघितलं. रेघा नव्हत्या. गल्ली धुवून काढलेली होती. कडेला अजून पाण्याची डबकी होती. सकाळी दौड येणार म्हणून प्रत्येक घरच्या बाईनं आपापल्या दारापुढं खराटा मारला होता, पाण्याचा सडा घातला होता आणि रांगोळ्या काढल्या होत्या. दर जयंतीला काढतात. मी स्वतः काढत आले आहे. दारापुढं फक्कीचे पट्टे दिसले म्हणून कोणती बाई ते राहू देईल? प्रशांतला हे सुचलं नाही, मलाही सुचलं नाही, आणि आम्ही दोघं त्याच वस्तीत वाढलो.

आणि गल्लीच्या ऐन मध्यावर, दोन्ही ओट्यांच्या बरोबर मधोमध, निळ्या रांगोळीचं मोठं धम्मचक्र होतं. इतकं सुरेख की धावणारी पोरं त्याच्या कडेकडेनं, अंग चोरून गेली होती. एकही आरा विस्कटला नव्हता. त्याच्यावर पाय देणं शक्यच नव्हतं. कडेनं जायचं तर वळायला हवं, आणि कडेला माणसं. धावून आलेली पोरं पाण्याचे पाउच चोखत उलटी परतत होती. मी वळायला गेले आणि पाय बसले.

मग जे व्हायचं ते सगळं झालं. कोणी दंड धरला, कोणी पाठीत हात घातला, कोणी खुर्ची आणा म्हणालं, एक म्हातारी रडायलाच लागली. मी सांगत होते, धरू नका, पण त्या वेळी माझा आवाजही बसतो, ओठांशीच राहतो. मी ओढणीची गाठ सोडायला गेले तर बोटं ऐकेनात. ज्यांच्या दारापुढं मी उभी होते त्या कुसुमबाईंनी ती गाठ दातांनी सोडली, गोळी माझ्या जिभेवर ठेवली आणि पाणी पाजलं. पण तिचा गुण येईपर्यंत मला तिथंच उभं राहायचं होतं. विहाराची कमान समोर दिसत होती. मी मनाशी म्हटलं, असू दे, थांबलेत ना, उशीर होईल एवढंच. त्या क्षणी मला भीती वाटत नव्हती, हे मी शपथेवर सांगेन.

तेवढ्यात लाउडस्पीकरच्या पोंग्यातून प्रशांतचा आवाज आला. माइकवर तो नेहमी पुस्तकी बोलतो. 'दौडीतील शेवटचा धावपटू पोहोचलेला आहे,' तो म्हणाला. आणि त्यानं एका पोराचं नाव घेतलं. टाळ्या झाल्या. 'आता सर्वांनी आपापल्या जागी उभं राहावं, ही विनंती.'

वंदना सुरू झाली आणि आमच्या गल्लीतलं माणूस न माणूस होतं तिथं उभं राहिलं. दंड धरणारे हात सुटले. पाउच चोखणारी पोरं थांबली, ओट्यावरच्या म्हाताऱ्या भिंतीला धरून उठल्या, कुसुमबाईंनी तांब्या खाली ठेवला. सगळ्यांनी विहाराकडे तोंड करून हात जोडले आणि डोळे मिटले. सगळी गल्ली माझ्यासारखी झाली. मीही हात जोडले. उजवा थरथरत होता, डाव्यानं दाबून धरला. त्या वेळी कोणी लांबून बघितलं असतं तर मी अडकले आहे हे त्याला कळलंही नसतं. मग 'साधु, साधु, साधु' झालं, लोकांनी डोळे उघडले आणि चालायला लागले. मी तिथंच राहिले.

गल्ली हळूहळू रिकामी झाली. तेव्हा कुसुमबाईंनी, काय वाटलं त्यांना कोण जाणे, विचारलं, 'मॅडम, ते पट्टे तुमच्यासाठी होते काय?' मी होकारानं मान डोलावली. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, आत गेल्या आणि खराटा घेऊन आल्या. तो त्यांनी माझ्या पायांपुढं, चक्राच्या कडेनं, आडवा टाकला. खराट्याशी आमच्या लोकांचं जुनं वैर आहे. ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे, मी इथं सांगत बसत नाही. पण पायांना इतिहास कळत नाही. पाय उचलला गेला. त्यांनी खराटा उचलला, पुन्हा पुढं टाकला. अशी मी माझ्या बाबांची दौड पुरी केली, खराटा ओलांडत, आणि कुसुमबाई पुढं वाकून वाकून घामाघूम.

मांडवात ताटं वाजत होती. सरबताचं पिंप उघडलेलं होतं. दौड संपते तिथल्या रेघेची फक्की शेकडो पायांनी पसरून नुसता धुरळा झाली होती. पाहुणे गेले होते. त्यांना पुढं नेरला दुसरा कार्यक्रम होता. त्यांच्याच घाईपायी वंदना उरकली, हे मला नंतर कळलं. पुढच्या रांगेतल्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि त्यांच्यामध्ये, मांडवाची सावली कधीच सरकून गेलेल्या जागी, आई एकटी उभी होती. पांढरी साडी, हात जोडलेले, तोंड गल्लीकडे. घामानं तिची पाठ भिजलेली. बाया तिला बसा म्हणत होत्या आणि ती बसत नव्हती. मी तिच्यासमोर पोचले तेव्हा तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं, पायांपासून.

'मी म्हटली नाही अजून,' ती म्हणाली. 'शेवटलं येल्याबिगर कशी म्हनू?'

आणि तिनं सुरू केलं. माइक नाही, काही नाही, तिचा तो फाटका आवाज. मी म्हटलं, कुसुमबाईंनी खराटा बगलेत धरून म्हटलं. जवळच्या दोघाचौघांनी ताटं खाली ठेवली. बाकीचे जेवत राहिले. त्यांना ऐकूही गेलं नसेल. प्रशांत माइकपाशी उभा होता, तिथून हलला नाही.

संध्याकाळी तो घरी आला. त्याला वाटलं होतं, मी टेम्पोत बसले असेन. पाहुणे उठून चालले होते. म्हाताऱ्या माणसांना ऊन लागत होतं. हे सगळं त्यानं सांगितलं, आणि ते सगळं खरं असणार. शेवटी मान खाली घालून म्हणाला, 'ताई, सगळ्याइच्या समोर तुये हाल पाह्यले गेले नसते मले.' माझे हाल त्याला बघवले नसते म्हणून त्यानं मला दौडीतूनच काढून टाकलं. मी त्याला काही बोलले नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. तो अजून माझ्या गोळ्या नागपूरहून आणतो, दर दिवाळीला घरातल्या रेघा नव्यानं रंगवतो, आणि मला त्याचा राग आहे. प्रेमही आहे, पण राग आहे.

आईनं त्या दिवसानंतर अंथरूण धरलं. ऊन बाधलं होतं. पाय सुजून पाटासारखे झाले होते, जरा दाबलं तरी बोट रुतायचं. कंपाउंडरनं सलाईन लावताना तिला रागावून विचारलं, या वयात कायले एवढं उभं राहायचं. मी तिच्या पायांना तेल चोळत होते, थरथरत्या हातानं. त्या कामाला थरथर चालते. ती म्हणाली, 'पुढल्या सालीही राहीन ना उभी. तू धाव.' अगदी सहज म्हणाली, भाजी काय करू असं विचारावं तशी. आणि मला कळलं की संपलं. माझी दौड डॉक्टरांनी बंद केली नाही, पायांनीही नाही, समितीनं तर नाहीच. मी जितका वेळ गल्लीत अडकेन तितका वेळ ती उन्हात उभी राहील, आणि ती काही बसणार नाही. त्यानंतर मी दौडीत उतरले नाही. कोणी विचारलं तर सांगते, आता जमत नाही. ते खोटं आहे. अजून फाट्यावरच्या मोकळ्या सडकेवर मला जमतं.

गेल्या जयंतीला मी आईच्या शेजारी मांडवात होते. प्रशांतनं मला कमानीत गर्दी होण्याआधीच आणून बसवलं होतं. दौड आली, पोरं आली, बाया आल्या. शेवटी एक लठ्ठ मुलगा धापा टाकत आला, त्याचं नाव पुकारलं गेलं, टाळ्या झाल्या. वंदनेसाठी सगळे उठले. मी खुर्चीचा हात धरून उठले. आई माझ्या आधी उठली होती. तिनं पदर सारखा केला, पण हात जोडले नाहीत. ती वळून गल्लीच्या तोंडाकडे बघत राहिली. तिथं कोणी नव्हतं. मी तिच्या दंडाला हात लावला. तिनं माझ्याकडे बघितलं, पुन्हा एकदा गल्लीकडे बघितलं, आणि मग हात जोडले.